आठ तास, दार बंद

मशीनच्या डोक्यावरचा हिरवा दिवा विझला आणि लाल लागला. मल्हारीनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं, शर्टाच्या खिशातली छोटी डायरी काढली आणि लिहिलं : ४.१२, बंद.

भिंतीवरच्या घड्याळात मात्र पावणेएकला तीन मिनिटं कमी होती. मल्हारीचं घड्याळ अजून गावच्या, न्हावऱ्याच्या वेळेवर चाललं होतं. निघताना बायकोनं, विठाबाईनं बजावलं होतं, "घड्याळाला हात लावू नका. हितं म्हशीची धार काढताना मला कळलं पायजे, तिकडं तुम्ही बी तीच वेळ बघताय." इटलीत येऊन चार दिवस झाले, तरी त्यानं काटे फिरवले नव्हते.

"तिसऱ्यांदा," हर्षदा त्याच्याजवळून जाताना पुटपुटली. "आता अजून एकदा थांबलं की संपलं आबा."

हर्षदा त्याची धाकटी लेक. रांजणगावच्या एका कंपनीत इंजिनिअर. मसाल्याची पाकिटं भरून बंद करणारं हे मशीन तिची कंपनी विकत घेत होती, आणि ते जहाजात चढण्याआधी इथं येऊन तपासायचं काम तिच्याकडं होतं. अट साधी होती. मशीनच्या मागं विजेचं एक उंच कपाट होतं. त्याचं दार बंद ठेवून मशीन सलग आठ तास चालवायचं. तीन वेळा थांबलं तर माफ. चौथ्यांदा थांबलं तर नापास. पास झालं तर हर्षदाची सही, आणि तिच्या सहीनंतरच माल हलणार.

मल्हारी या सगळ्यात कसा आला, ते त्यालाही कधी कधी खरं वाटत नसे. पोरगी पंधरा दिवस परदेशी जाणार म्हटल्यावर त्याचा थोरला भाऊ हौसराव ओट्यावर येऊन बसला होता. "येकटी पोर इमानात बसवतोस? संगं कुणी गडीमाणूस नको? भावकीत काय सांगू मी?" मल्हारी सहसा थोरल्यापुढं बोलत नसे. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग मी जातो की संगं." ओट्यावरचे सगळे खो खो हसले. हर्षदा तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती पासपोर्टचा फॉर्म घेऊन आली. "सही करा आबा. आता माघार न्हाई."

आणि इथं आले तर हे ऊन. लोक सांगत, चाळीस वर्षांत असं पडलं नव्हतं. रस्ते ओस, खिडक्यांच्या लाकडी झडपा दिवसभर बंद. पहिल्या दिवशी मल्हारी ऐटीत म्हणाला होता, "एवढ्याला ऊन म्हंत्यात व्हय? बाप मेंढरं घेऊन कोकणातनं परत यायचा तवा बघायचं ऊन." तिसऱ्या दिवशी हॉटेलातलं गार हवेचं यंत्र बंद पडलं आणि त्याची ऐट उतरली. या उन्हाला वारा नव्हता. रात्री भिंती भाजत होत्या. मग इथल्या साहेबानंच, रिकार्दोनं, हर्षदाला सांगितलं, वडिलांना खोलीवर ठेवू नका, इकडं आणा. त्यानं मल्हारीला पिवळं जाकीट आणि टोपी दिली, मशीनच्या मागच्या अंगाला भिंतीकडेला खुर्ची टाकून दिली, आणि येता-जाता स्वतःच्या हातानं गार पाण्याचा ग्लास आणून दिला. माणूस वाईट नव्हता.

मशीन पुन्हा सुरू झालं. एक वाजता सगळी जेवायला गेली. मल्हारीनं फडक्यातली चटणी आणि इथल्या पावाचा तुकडा काढला. खाऊन हात पुसतोय, तोवर मशीनवरचा कारागीर एकटाच परत आला. उंच, लाल तोंडाचा माणूस, घामानं निथळलेला. त्यानं मल्हारीकडं पाहून मान हलवली, विजेच्या कपाटाचं दार उघडलं, आत एक छोटा पंखा ठेवून चालू केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये अशी रिकाम्या खोक्यांची थप्पी लावून निघून गेला.

४.५०, दार उघडलं, पंखा. मल्हारीनं लिहिलं आणि डायरी खिशात ठेवली.

त्यानंतर मशीन थांबलंच नाही. पाकिटं सुळसुळ पडत राहिली. हर्षदा पुढच्या बाजूला पाकिटं उचलून दाबून बघत होती, फोटो काढत होती. चारदा ती मल्हारीजवळून गेली. एकदा थांबून म्हणाली, "आबा, ठीक हाय ना सगळं?"

त्यानं मान हलवली.

बावीस वर्षं त्यानं गेटवर काढली होती. वाडीतला पँट घालणारा पहिला माणूस तो. आधी सणसवाडी, मग कारेगाव, वेगवेगळ्या कंपन्या, पण केबिन तीच आणि वहीही तीच. गेटवरच्या माणसानं बघावं, लिहावं, बोलू नये. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण एवढंच तो नीट शिकला होता. शिवाय लेक चार दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

पाच वाजता आठ तास भरले. रिकार्दोनं टाळ्या वाजवल्या. सगळे ऑफिसकडं वळल्यावर कारागीर मागं आला, पंखा काढला, दार लावलं.

८.३६, दार बंद.

संध्याकाळी आठ वाजले तरी ऊन होतं. हॉटेलासमोरच्या झाडाखाली बाकावर बापलेक बसले होते. हर्षदानं दोघांना आइस्क्रीम आणलं होतं आणि एका हातात फोन धरून ती बोलत होती. पलीकडं रांजणगावचे तिचे मोठे साहेब, विश्वजीत सर. तिकडं मध्यरात्र होत आली होती, तरी सर जागे होते.

"हो सर, पास. उद्या सकाळी रिपोर्टवर सही करते."

"शाब्बास! कंटेनर बुक करतो मी. आणि ऐक, नवीन लाइनची इनचार्ज तूच. वर बोलणं झालंय माझं."

तिनं फोन ठेवला. "ऐकलंत? इनचार्ज! आता हौसाआप्पाला म्हणावं, करा भावकी गोळा."

मल्हारी आइस्क्रीमच्या कपाकडं बघत राहिला. "हर्षे, त्या मशीनीचं मागचं दार उघडं होतं."

"कवा?"

"तुम्ही जेवाया गेल्तात तवापासून. सुट्टी हुईस्तवर. आत पंखा लावला व्हता."

आइस्क्रीम वितळून तिच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळू लागलं.

"आन् हे मला आत्ता सांगताय? चारदा गेले मी तुमच्या म्होरनं! इचारलं तुमाला!"

"इचारलंस."

"मग?"

"मान हलवली मी." कप हातात फिरवत तो म्हणाला, "पर दार उघडं ठेवल्यानं काय व्हतंय एवढं? चाललं न्हवं मशीन?"

"आबा, हितं चार माणसं हायत, पोटच्या पोरावानी मशीन जपत्यात. आपल्याकडं तीन पाळ्या. एप्रिल-मेत कपाट तापून मशीन बंद पडाय लागलं, की आपली माणसं बी हेच करणार. दार उघडणार, पंखा लावणार. आत जित्या तारा, कमरेएवढ्या उंचीवर. वर मसाल्याची धूळ. मागनं पोतं घेऊन जाणाऱ्याचा कोपर लागला, की गेला."

"मग सही करू नको."

"सोपं हाय व्हय? पास झालं म्हणून आत्ताच सांगून बसले. आता म्हणू, माझ्या बापानं बघितलं? हसतील मला."

मल्हारीनं कप बाकावर ठेवला. समोरच्या नळावर एक म्हातारी डोक्यावर पाणी घेत होती. तिच्याकडं बघतच तो बोलू लागला.

"सणसवाडीच्या कंपनीत व्हतो, तवाची गोष्ट. तू दुसरीत-तिसरीत असशील. नानगावचा एक भिमाजी म्हणून व्हता आमच्यात, भट्टीखात्यात माल चढवायचा. चाळिशीचा गडी. मे महिना. दुपारचा भट्टीपाशी पडला तो उठलाच न्हाई. मागच्या गेटानं टेंपोत घालून न्हेला त्याला. मग साहेब माझ्या केबिनीत आला. म्हणला, मल्हारी, एक पन्नासला भिमाजी मोठ्या गेटातनं चालत घरी गेला. लिही."

"लिहिलंत?"

"लिहिलं. म्हंजी कंपनीत काय झालंच न्हाई. वाटंत कुठंतरी पडला आसंल." त्याचा आवाज बदलला नाही. गेटवरचा माणूस गाडीचा नंबर सांगतो तसा तो सांगत होता. "चौथ्या दिवशी त्याची बायको आली, पुतळाबाई. गेटाच्या गजाला धरून म्हणली, दादा, तुम्ही बघितलं का हो, ते चालत गेले? मी वही तिच्याकडं फिरवली. तिला कुठलं वाचाय येतंय. म्हणली, तुम्हीच वाचा. मग मी वाचून दावलं. एक पन्नास. भिमाजी. चालत."

हर्षदानं बाकावरून वळून त्याच्याकडं पाहिलं.

"आईला ठाव हाय?"

"कुणालाच न्हाई. ती कंपनी बी बंद पडली. वही कुणी रद्दीत घातली आसंल. आता तू जाणतीस." तो उठला. "मी लिहिलं तवा माझी दोन पोरं शाळेत व्हती, म्हणून लिहिलं. तुझ्या पाठीमागं तसलं काय न्हाई. नोकरी गेली तर आपल्या चार शेळ्या हायत, म्हशी हायत. पर तू लिहू नको."

हर्षदा नळावर गेली, हात धुतले, चेहऱ्यावर पाणी मारलं. परत येऊन म्हणाली, "उद्या डायरी बरोबर घ्या."

सकाळी नऊ वाजता रिकार्दोच्या ऑफिसात सहीचा कागद टेबलावर मांडलेला होता. शेजारी पेनही. हर्षदानं पेन बाजूला सारलं आणि इंग्रजीत सांगितलं की काल दुपारी कपाटाचं दार उघडं होतं, तेव्हा चाचणी धरता येणार नाही.

रिकार्दोनं कारागिराला बोलावलं. कारागिरानं मान हलवली. नाही.

"कुणी पाहिलं?"

"माझ्या वडिलांनी. त्यांनी लिहून ठेवलंय."

रिकार्दोनं चष्मा लावून डायरी घेतली. अक्षर मराठी, पण आकडे हर्षदानं वाचून दाखवले. दार उघडलं, चार पन्नास. तो मागं रेलला. हसू दाबलं त्यानं, पण दिसलं. "मॅडम, चार पन्नासला आपण सगळे मशीनसमोर उभे होतो. तुम्ही स्वतः होता. तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पण या उन्हात माणसाला काहीही भास होतो."

हर्षदाचे कान तापले. तिनं बापाकडं पाहिलं. "आबा, चार पन्नास? तवा तर..."

"घड्याळ बघून लिहिलंय," मल्हारी म्हणाला आणि त्यानं मनगट पुढं केलं.

घड्याळात साडेबारा वाजले होते. बाहेर सकाळचे नऊ.

हर्षदाला हसू आलं आणि रडूही. "मला मशीनच्या मेमरीतला कालचा रेकॉर्ड द्या," ती रिकार्दोला म्हणाली. "मशीन कुठल्या कुठल्या वेळी थांबलं, तेवढाच."

कागद आला. मशीन म्हणत होतं : दहा पन्नास, बारा पाच, बारा बेचाळीस. डायरी म्हणत होती : दोन वीस, तीन पस्तीस, चार बारा. हर्षदानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि कागद फिरवून रिकार्दोपुढं ठेवला. तिन्ही ठिकाणी साडेतीन तासांचा फरक. मिनिटाचीही चूक नव्हती.

"त्यांचं घड्याळ आमच्या गावच्या वेळेवर आहे. चार पन्नासमधून साडेतीन तास काढा. एक वीस. आपण जेवत होतो."

रिकार्दोनं कारागिराकडं पाहिलं. कारागीर जमिनीकडं बघत राहिला, मग मान पुसत भराभर आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ते कळायला भाषा येण्याची गरज नव्हती. मालकाचं काम अडू नये म्हणून केलं, असंच काहीसं.

"दोष मशीनचा नाही," रिकार्दो शेवटी म्हणाला. "या उन्हाचा आहे. असं ऊन चाळीस वर्षांत पडलं नव्हतं. हे नेहमीचं नाही, मॅडम."

"तुमच्या चाळीस वर्षांतलं हे ऊन," हर्षदा म्हणाली, "आमच्याकडं दर एप्रिलात पडतं."

रिकार्दो त्यावर आणखी काही बोलला. मल्हारीनं विचारलं, "काय म्हंतोय?"

"पहाटं पाचला घेऊ म्हंतोय परत. गार असतंय तवा."

"पहाटं कशाला? रांजणगावात काय निस्त्या पहाटं पाकिटं भरणार हायत? बारा वाजता चालवा म्हणावं. भर उन्हात. दार लावून. आन् दाराला सील मी लावणार."

हर्षदानं ते सांगितलं, रिकार्दोनं नाइलाजानं मान डोलावली. एवढ्यात फोन वाजला. तिनं सकाळीच विश्वजीत सरांना निरोप टाकला होता.

"हर्षदा, हे काय ऐकतोय मी? फादरच्या डायरीवर चाचणी रद्द? वेड लागलंय का? तिथं चाळीस डिग्री आहे!"

"सर, आपल्याकडं किती असतं?"

"ते आपण इथं बघून घेऊ. एसी लावू, काहीतरी करू. तू साइन करून मोकळी हो."

"लावणार नाही सर आपण. तुम्हालाही माहितेय."

पलीकडून थंड आवाज आला. "ठीक आहे. इनचार्जचं विसर मग. आल्यावर बोलू."

"बोलू सर. सही मात्र करत नाही."

बाराला दहा कमी असताना मल्हारीनं कागदाची पट्टी मागितली. चिकटपट्टी आणली तर नको म्हणाला. "ती सोडून परत लावता येती. डिंक आण." पाळी बदलताना गोदामाच्या कुलपावर तो अशीच पट्टी डकवत असे. दार आणि चौकट यांच्यावर आडवी, वर सही. पट्टी फाडल्याशिवाय दार उघडत नाही. रिकार्दोनं ते हसत पाहिलं, मग हसू थांबवून त्यानं स्वतःही त्याच पट्टीवर सही केली.

त्यानं मल्हारीसाठी खुर्ची सरकवली.

"न्हाई," मल्हारी म्हणाला. "सील केलेल्या मालापाशी बसायचं नसतंय."

मशीन सुरू झालं. पत्र्याचं छत तडतडत होतं. कामगार दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन पाण्यात हात बुडवून येत होते. मल्हारी कपाटाला पाठ न टेकता उभा राहिला, पाय किंचित फाकवून, हात मागं बांधून. पिवळ्या जाकिटाच्या आत शर्ट अंगाला चिकटला होता. हर्षदानं दोनदा पाणी आणून दिलं. तो ते उभ्यानंच प्याला.

एक वाजून दहा मिनिटांनी लाल दिवा लागला. पुन्हा सुरू. पावणेदोनला पुन्हा लाल. दोन वीसला तिसऱ्यांदा. लाल तोंडाचा कारागीर कावराबावरा होऊन मागच्या बाजूला आला. त्याची चाल बघूनच मल्हारीला कळलं. त्यानं मागं बांधलेला एक हात सोडला आणि पंजा समोर धरला. सणसवाडीच्या आणि कारेगावच्या गेटवर त्यानं या हातानं किती ट्रक थांबवले होते, पण साहेबांची गाडी एकदाही थांबवली नव्हती. कारागीर जागच्या जागी थबकला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग कारागिरानं खांदे उडवले, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो परत गेला.

दोन एकेचाळीसला चौथ्यांदा लाल.

रिकार्दोनं स्वतः पुढं होऊन मशीन बंद केलं. हॉलमध्ये एकदम शांत झालं. तो मागं आला, वाकून पट्टी पाहिली. अखंड होती.

"गार करायची मोठी यंत्रणा बसवावी लागेल," तो हर्षदाला म्हणाला. "सहा आठवडे लागतील. तुमच्या वरिष्ठांना हे आवडणार नाही."

"नाही आवडणार."

"तरी?"

"तरी."

ऑफिसात नवा कागद आला. नापास. कारण, वेळा, तापमान. हर्षदानं एकेक रकाना भरला. खाली 'उपस्थित' असा रकाना होता. तिथं रिकार्दोचं नाव, कारागिराचं नाव, तिचं स्वतःचं. मग तिनं चौथी ओळ आखली.

"आबा, तुमचं नाव लिहिलंय. हुद्दा काय लिहू? पाहुणे लिहू का?"

"पाहुना कशाला? वॉचमन लिही."

"रिटायर झालात की तुम्ही."

"आज ड्युटी केली न्हवं?"

तिनं लिहिलं. पेन त्याच्या हातात दिलं. मल्हारी खुर्चीच्या कडेवर बसला आणि सही करू लागला. गेटवर तो नुसतं 'म. को.' करायचा. आज त्यानं पूर्ण नाव लिहायला घेतलं, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर ठसठशीत. वेळ लागत होता. रिकार्दो टेबलापाशी उभा होता, तो बसला नाही.

मल्हारीच्या मनगटावरून घाम ओघळून कागदावर टपकू लागला, तसा हर्षदानं आपला रुमाल घडी करून त्याच्या हाताखाली सरकवला. टेबलावर तिचा फोन वाजत होता, रांजणगावहून. तिनं तो पालथा घातला.

"सावकाश लिहा आबा," ती म्हणाली.

मल्हारी आडनावापर्यंत आला होता.